ठिबक बसवलं, तरी विहीर का आटते? या चुका टाळा

उसाचं ठिबक किती तास चालवता, असं विचारलं की दहातले आठ जण सांगतात, ‘लाइट असेपर्यंत.’ विहीर आटायला सुरुवात होते ती इथूनच.

एकदा वहीवर हिशेब मांडून बघा. पाच फुटी सरी, नळीला 40 सेंटिमीटरवर ड्रीपर (थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड), ड्रीपर ताशी 4 लिटरचा. म्हणजे एका ड्रीपरच्या वाट्याला जेमतेम 0.6 चौरस मीटर रान येतं. एका चौरस मीटरवर एक लिटर पडलं की एक मिलिमीटर पाणी होतं. त्या मापानं तासाभरात साडेसहा मिलिमीटरच्या वर पाणी बसतं. भर उन्हाळ्यात मोठ्या उसाला दिवसाला साधारण 7-8 मिलिमीटर लागतं, म्हणजे सव्वा तास झाला की कॉक बदलून पाणी रानाच्या दुसऱ्या भागाला द्यायला हवं. आठ तास चालवलं तर आठवड्याचं पाणी एका रात्रीत गेलं. पांढऱ्या मुळीला हवा मिळत नाही आणि विद्राव्य खत मुळीच्या खाली निघून जातं ते वेगळंच.

तरी हात आखडत नाही, कारण काळ्या रानात ठिबकचा ओलावा वर फारसा दिसत नाही. सरी कोरडी दिसली की जीव खालीवर होतो. त्यापेक्षा ड्रीपरपासून वीतभर बाजूला खुरप्यानं वीतभर खोल उकरा आणि तिथली माती मुठीत दाबा. गोळा होऊन टिचकीनं फुटला तर वापसा, म्हणजे पुरेशी ओल आहे, आज पाणी नको. तळहात ओला झाला तर उद्याही नको. ओलावा मोजणारा सेन्सर असेल तर उत्तमच, पण तो मुळीपाशी गाडायचा असतो. वाट्टेल तिथं खोचला तर मोबाइलवर वाट्टेल तेच दिसणार.

रात्रपाळीची लाइट आणि मोटरीला लावलेला ‘ऑटो’ ही जोडी तर घातकच. लाइट येते, मोटर सुरू होते, आपण झोपेत, आणि सगळं पाणी एकाच कॉकवर. मोबाइल स्टार्टरला टायमर असतो. बहुतेकांनी तो कधी लावलेलाच नसतो.

फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब दाखवणारे दोन काटे असतात, ते शोभेचे नाहीत. सँड (वाळूच्या) फिल्टरवर दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास गेला की बॅकफ्लश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा. शेततळ्याच्या पाण्यावर नुसता जाळीचा फिल्टर चालत नाही, शेवाळ त्यातून पार होतं.

आता माझी चूक. एका हंगामात घाईघाईनं कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 हे स्फुरदाचं विद्राव्य खत एकाच टाकीत ओतलं. ढवळता ढवळता पाणी ताकासारखं पांढरं झालं, तरी ‘विरघळेल की’ म्हणून व्हेंच्युरी (खत ओढून नळीत सोडणारं साधन) सुरू केली. विरघळलं नाहीच. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की साका तयार होतो, आणि तो नेमका ड्रीपरच्या तोंडात जाऊन बसतो. दोन कॉकचं रान सुकायला लागलं तेव्हा डोळे उघडले. आता ही दोन खतं वेगवेगळ्या दिवशी सोडतो. खताच्या आधी थोडा वेळ साधं पाणी, आणि नंतर नळ्या धुऊन निघाव्यात म्हणून पुन्हा पंधरा मिनिटं साधं पाणी.

साका किंवा क्षार बसलेच तर ऍसिड सोडावं लागतं. ऍसिड पाण्यात ओतायचं, ऍसिडमध्ये पाणी कधीही नाही. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू (pH) 4 पर्यंत उतरला की पंप बंद करून दिवसभर तसंच ठेवा, मग नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढा. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरता येते, पण ऍसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. दोन्हींत काही दिवसांचं अंतर ठेवा.

ड्रीपर तुंबले का, हे बघायला लिटरची रिकामी बाटली पुरते. 4 लिटरच्या ड्रीपरखाली ती पंधरा मिनिटांत भरली पाहिजे. सरीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी लावा. शेवटची अर्धीच भरली तर आधी टोकाची टोपी काढून नळी धुवा आणि दाब तपासा, ऍसिडचा विचार त्यानंतर.

हे सगळं नीट केलं तरी विहीर आटते, अशीही उदाहरणं आहेत. ठिबकवर दोन एकरांचं पाणी वाचलं म्हणून दोन एकर ऊस वाढवला, तर विहिरीतून उपसा तेवढाच राहिला. लागणीचा हिशेब दिवाळीच्या भरल्या विहिरीवर न करता गेल्या मे महिन्यातल्या पातळीवर करा. तेवढ्या पाण्यात बसेल तेवढाच ऊस, उरलेल्या रानात हरभरा.