जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक नव्याने बांधताना या चुका टाळा

खानदेशात एखाद्या जिनिंगच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली एमजी टीडी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाहेर काढली, की सगळ्यांचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. बॅटरी जोडली, कार्बोरेटर साफ केला आणि गाडी धडधडली की पेढे वाटले जातात. ब्रेकचं काम शेवटी, घाईत आणि उरलेल्या पैशांत होतं. ही गाडी 1949 ते 1953 या काळातली. चारही चाकांना 9 इंची ड्रम, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही आणि ब्रेक फ्लुइडचं हायड्रॉलिक सर्किट एकच. कुठेही एक सील फुटला तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, हाताशी उरतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून ब्रेकचं काम आधी करा.

माझं मत ठाम आहे: मूळ धातू जपा, मूळ रबर फेकून द्या. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं. लॉकहीड कंपनीचा मूळ ब्रेक सिलिंडर भंगारात जातो, त्याच्या जागी कुठली तरी कच्ची नक्कल बसते आणि जुना होज (ब्रेकची रबरी नळी) मात्र 'ओरिजिनल आहे, राहू द्या' म्हणून तसाच राहतो.

जुन्या पार्टवाल्याकडे सीलबंद खोक्यातलं रबर किट मिळालं की हरखून जायला होतं. पण रबर खोक्यातसुद्धा जुनं होतंच. कपची (सिलिंडरमध्ये फ्लुइड अडवणाऱ्या रबरी सीलची) कड बोटांनी अलगद उलटी वाकवून उन्हात धरा. बारीक चिरा दिसल्या तर ते किट शोकेसमध्ये ठेवा, गाडीत नको. मी तर चिरा दिसल्या नाहीत तरी ते वापरणार नाही. त्याच दुकानातला मूळ सिलिंडर किंवा पिस्टन मात्र जरूर घ्या.

होजची चूक सर्वात जास्त फसवते. बाहेरून तो काळा, गुळगुळीत, धडधाकट दिसतो. आतून रबर फुगून वाट बंद होते. पाय दाबला की जोरामुळे फ्लुइड पुढे जातं, पण परत यायला वाट नसते. चाक धरलेलं राहतं, ड्रम तापतो आणि मिस्तरी लायनर (ड्रमवर घासणारा थर) घासत बसतात. चाक जाम असतानाच त्या चाकाचं एअर काढायचं निपल जरासं सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष आत अडकलेल्या प्रेशरचा आहे. नाही झालं तर शू (लायनर बसवलेला कमानी तुकडा), स्प्रिंग, गंजलेला पिस्टन किंवा हँडब्रेकची केबल पाहा. पुन्हा जाम झालं की या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरजवळचा) पाइप सैल करा. तिथे सोडल्यावर चाक सुटलं तर मास्टरमध्ये घोळ आहे, तरीही धरून राहिलं तर होज गेला. एवढ्या दोन पान्यांच्या कामात उत्तर मिळतं.

डिझेलची बादली दूर ठेवा

'भाऊ, डिझेलमध्ये बुडवलं की चकाचक होतं,' हे वाक्य धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुठल्याही गॅरेजात ऐकू येईल. इंजिनाच्या भागांना ते ठीक आहे. ब्रेकच्या रबराला डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑईल, साधं ग्रीस यांपैकी काहीही चालत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, पिस्टन अडकतो. सिलिंडर स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक फ्लुइडने धुवा आणि जोडताना कपला फ्लुइडच लावा. धूळ रोखणाऱ्या बुटाखाली ग्रीस हवंच असेल तर एरंडेलापासून बनलेलं लाल रबर ग्रीस वापरा. आणि कोणी 'ब्रेक ऑईल' म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल टाकीत ओतलं असेल, तर नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही. सगळे पाइप धुवा आणि एकूणएक रबर नवं टाका.

जुन्या लायनरच्या धुळीबद्दल तर हात जोडून सांगतो. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजात काम शिकणाऱ्या कोवळ्या पोरांच्या छातीत ती धूळ कायमची बसते.

लेथवाल्याकडे जाण्याआधी

सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) करत बसू नका. खड्डा जाईपर्यंत बोअर (आतलं भोक) मोठा होतो आणि कप गळायला लागतो. स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह (आत बसवायची नळी) टाकून बोअर मूळ मापावर आणणं हाच खरा इलाज. बाहेरून सिलिंडर जसाच्या तसा राहतो.

मास्टर सिलिंडरला स्लीव्ह टाकताना मात्र लेथवाल्याशेजारी उभे राहा. टाकीतून बोअरमध्ये उतरणाऱ्या दोन छिद्रांपैकी एक अगदी बारीक असतं, एक मिलिमीटरपेक्षाही लहान. पाय सोडलेला असताना ते कपच्या कडेच्या जरा पुढे, उघडं असायला हवं. फ्लुइड तापून फुगलं की जादा भाग याच वाटेने टाकीत परततो. स्लीव्हमध्ये हे छिद्र पाडायचं राहिलं किंवा सरकलं, तर मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात गाडी काही किलोमीटरमध्ये आपोआप ब्रेक धरू लागते. छिद्र पाडलं पण त्याची आतली धारदार कड काढली नाही, तर ती कड पहिल्याच दिवशी कप कापते. पुशरॉडला (पेडलपासून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) मोकळा खेळ ठेवला नाही तरी हेच छिद्र झाकलं जातं. तपासणी सोपी आहे: टाकीचं झाकण काढा, कोणाला तरी पेडल हळूच दाबायला सांगा. पहिल्या हालचालीलाच फ्लुइडच्या पृष्ठभागावर छोटी उसळी दिसली तर वाट उघडी आहे. तोंड जरा लांब ठेवा. ते डोळ्यांत गेलं तर वाईट, आणि रंगावर सांडलं तर रंग सोलतो.

मूळ मास्टर मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचा मोठ्या बोअरचा बसवणारेही आहेत. पेडल घट्ट लागतं म्हणून ते खूश होतात. गणित करा: पाऊण इंचाच्या जागी सात-अष्टमांश इंच बोअर आला, तर पायाच्या तेवढ्याच जोरात प्रेशर सुमारे 27 टक्के कमी मिळतं. म्हणजे पेडल दगडासारखं आणि गाडी थांबत नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून ड्रमचाच मास्टर ठेवला, तर त्याच्या आतला व्हॉल्व्ह पाइपात थोडं प्रेशर धरून ठेवतो आणि डिस्क कायम घासत राहते.

पाइपच्या बाबतीत तीन गोष्टी अजिबात नकोत: फ्रिज-एसीची तांब्याची नळी, आट्यांवर टेफ्लॉन टेप आणि 'जवळपास बसतंय' असा नट. तांबं कंपनांनी कडक होऊन तडकतं. स्टीलचा किंवा तांबं-निकेलचा पाइप घ्या. गळती थांबवतो तो पाइपचा फ्लेअर (पसरवलेलं तोंड), आटे नव्हे. आणि 3/8 इंची, 24 आट्यांचा नट 10 मिलिमीटरच्या, 1 मिलिमीटर पिचच्या भोकात सहज फिरतो, पकडल्यासारखाही वाटतो, पण जोरात ब्रेक मारला की निसटू शकतो.

लायनर आणि शू

'ट्रकचं लायनर टाकतो, जन्मभर बघायला नको' हा सल्ला ऐकू नका. कडक लायनर थंड असताना हलक्या गाडीला नीट पकडत नाही आणि सर्व्हो नसल्यामुळे सगळा भार पायावर येतो. ड्रम लेथवर फिरवून आणला असेल तर शू त्या नव्या गोलाईला घासून घ्या, नाहीतर फक्त मधला भाग टेकतो.

टीडीच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू लीडिंग आहेत, म्हणजे फिरता ड्रम त्यांना स्वतःकडे ओढून ब्रेक जोरात लावतो. डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झाली तर दोन्ही ट्रेलिंग, म्हणजे ड्रमने मागे ढकलले जाणारे, होतात: गाडी पुढे जाताना ब्रेक लुळा, रिव्हर्समध्ये मात्र जबरदस्त. असं लक्षण दिसलं की मास्टर उघडू नका, आधी बाजू तपासा.

फ्लुइड, एअर आणि पहिली फेरी

डॉट 4 (ब्रेक फ्लुइडचा दर्जा) फ्लुइड नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात हवेतल्या ओलीचं 3.7 टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा 155 वर येते. अर्धी उघडी बाटली पावसाळाभर गॅरेजात पडून राहिली आणि तेच फ्लुइड घालून तुम्ही कन्नड घाट चाळीसगावकडे उतरलात, तर खालच्या वळणांवर पेडल तळाला जाऊ शकतं. लहान बाटली घ्या, उरलेलं टाकून द्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 4 मध्ये मिसळू नका, डॉट 5.1 मात्र सिलिकॉनचं नाही.

एअर (पाइपांत अडकलेली हवा) काढण्याआधी शू ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मास्टर जुनाच असेल तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं की कप कधी न वापरलेल्या, गंजक्या भागावर घासतो. नंतर पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली बसलं आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टरचा कप आतून सोडतोय. दोन-तीनदा मारल्यावर पेडल वर आलं आणि स्पंजासारखं लागलं तर हवा राहिली आहे. वर येऊन घट्ट लागलं तर शू सैल आहेत.

पहिली फेरी मोकळ्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगात. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर त्याच चाकाचं निपल सैल करून वरची तपासणी पुन्हा करा. लायनर बसेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, धुळ्याजवळच्या लळिंगच्या उतारालाही गाडी नेऊ नका. मग ड्रम उघडून लायनरवरची घासल्याची खूण पाहा, शू पुन्हा आवळा आणि प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून ओल आहे का ते बघा.