फॉरेन सर्व्हिसवाल्याले घरी पाठवता येते का? ऑर्डर आली तं काय करायचं

आमच्या गावचा एक पोट्टा यूपीएससी करून राह्यला, जुलै २०२५ मधे अमेरिकेनं २४६ फॉरेन सर्व्हिस ऑफिसर कमी केल्याचं वाचून घाबरला, म्हणे भाऊ आपल्याकडंही असं झालं तं? अरे बाप्पा, तिथं १९८० च्या कायद्यात तशी कपातीची सोयच हाय, आपलं वेगळं हाय.

आपल्याकडं पयले ऑर्डर कोणत्या नियमाखाली हाय ते पाहा, सारा खेळ तिथंच हाय. शिक्षा म्हणून काढायचं तं घटनेचं कलम ३११ आडवं येते, आरोप सांगून चौकशी करावी लागते, पण देशाच्या सुरक्षेचं कारण दाखवलं तं चौकशीबिगरही काढता येते, आन् डिप्लोमॅटले हेच जास्त जड जाऊ शकते.

ऑर्डरवर एफआर ५६(जे), म्हणजे सरकारी नोकरीच्या फंडामेंटल रूल्समधला नियम, लिहिलं असंन तं ते सक्तीची रिटायरमेंट. पस्तिशीच्या आत नोकरीले लागला असंन तं पन्नाशीनंतर लागू होते, ३ महिन्याची नोटीस नाहीतं तेवढा पगार, पेन्शन मिळते. ऑर्डर हातात पडल्यापासून ३ आठवड्यात त्या ऑर्डरविरुद्ध सरकारकडं अर्ज टाकायचा, रडत बसाले टाइम नाही. मंग कॅट, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या केसेस पाहणारं न्यायाधिकरण, तिथं १ वर्षाची मुदत. नोकरी गेलेल्याले जिथं राहते तिथल्या बेंचकडं जाता येते, म्हणजे दिल्लीच्या चकरा वाचल्या.

एसीआर, एपीएआर, म्हणजे दरवर्षीच्या कामाच्या रिपोर्टच्या कॉप्या मात्र आधीपासूनच जपून ठेवा, केस त्याच्यावरच उभी राह्यते.