आधी तक्ता, मग स्वागत: वेलनेस कोचने पहिला ईमेल कसा लिहावा

पुण्यात बसून मी योगशिक्षिका, आहार सल्लागार, वेलनेस कोच अशा एकहाती व्यवसायांचे ईमेल लिहून देते. वेबसाइटवर नाव नोंदवणाऱ्याला आपोआप जाणाऱ्या पहिल्या ईमेलचा मसुदा बहुतेक जणी घेऊनच येतात आणि तो साधारण असा असतो: "निरोगी आणि आनंदी आयुष्याच्या या सुंदर प्रवासात आपलं मनःपूर्वक स्वागत! आमच्या परिवाराचा भाग झाल्याबद्दल धन्यवाद." खाली कोचचा हसरा फोटो, मग प्रमाणपत्रांची यादी, मग इन्स्टाग्राम-यूट्यूबची गोल चिन्हं. आणि पार तळाशी, बोट दुखेपर्यंत खाली सरकवल्यावर, ज्या फुकट आहारतक्त्यासाठी समोरच्या माणसाने स्वतःचा ईमेल दिला त्याची लिंक. मी वरचं सगळं खोडते आणि ती लिंक वर आणते. अर्धं काम तिथेच होतं.

उरलेलं अर्धं काम म्हणजे नाव कुणी नोंदवलंय हे नीट डोळ्यांपुढे आणणं. एक उदाहरण घेऊ. कोथरूडची एक कोच, चाळिशी ओलांडलेल्या बायकांबरोबर काम करणारी. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात काय खायचं, याचा सात दिवसांचा तक्ता ती फुकट देते. हा फॉर्म कोण भरतं? जिचा रक्ताचा रिपोर्ट नुकताच आलाय ती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ५.९ टक्के. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको अजून, वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत तपासू." रात्री जेवणं आवरली, ओटा पुसला, मग मोबाइल हातात घेतला आणि फॉर्म भरला. तिला परिवार आहे, तोच सांभाळून ती दमलीये. प्रवासाला निघायचीही तिला हौस नाही. उद्या सहा वाजता घरात भजी तळली जातील तेव्हा आपण काय खायचं, एवढंच तिला कळायला हवंय.

तिच्यासाठी मी लिहिते तो मेल असा:

विषय: संध्याकाळच्या खाण्याचा तक्ता

नमस्कार,

तुम्ही मागितलेला तक्ता इथे आहे: (लिंक). दोनच पानं आहेत, मोबाइलवर नीट वाचता येतात. छापून फ्रिजवर लावलात तर फारच छान.

सातही दिवस एकदम सुरू करू नका. पहिल्या दिवसाची ओळ तेवढी बघा: साडेपाचला मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक. यासाठी घरात वेगळं काही शिजवावं लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती मनाने कमी-जास्त करू नका. जेवणाच्या वेळा बदलण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

एक विचारायचंय. संध्याकाळी पाच ते आठ तुमच्या घरात काय चाललेलं असतं? दोन ओळी लिहा. याच मेलला उत्तर द्या, ते माझ्याकडेच येतं. मी शनिवारी बसून सगळी उत्तरं वाचते.

पुढचा मेल परवा, आणि पहिले चार झाले की दर गुरुवारी एक. नको वाटले तर बंद करायची लिंक तळाशी आहे.

(तुमचं नाव)
कोथरूड, पुणे

यात स्वागत हा शब्दच नाही, हे बघून पहिल्यांदा सगळ्या बिचकतात. पण मागितलेली वस्तू तत्काळ हातात ठेवली आणि वर चौकशी केली, की स्वागत झालंच की.

आता यातल्या एकेका गोष्टीबद्दल. विषयाची ओळ मोबाइलवर जेमतेम तीसचाळीस अक्षरं दिसते, त्यामुळे कामाचा शब्द पुढे हवा. ही बाई आठवड्याने पुन्हा तक्ता शोधायला येईल तेव्हा इनबॉक्समध्ये "तक्ता" असंच टाकून शोधेल, "शुभारंभ" नाही. विषयाच्या शेजारी फिक्या अक्षरांत आणखी एक ओळ दिसते. ती मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी भरायची असते. भरली नाही तर तिथे "हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा" असलं काहीतरी येऊन बसतं. तिथे लिहा: "दोन पानं, आणि एक प्रश्न." पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं स्वतःचं नाव टाका, व्यवसायाचं हवं तर त्याच्या मागे. "नो-रिप्लाय" असा पत्ता ठेवलात तर प्रश्न विचारण्यात काही अर्थच उरत नाही.

नावाने हाक मारायची की नाही यावर माझे आणि कोचमंडळींचे कायम वाद होतात. सॉफ्टवेअर फॉर्ममधलं नाव उचलून मेलमध्ये घालतं, पण लोक फॉर्ममध्ये काय लिहितात ते कधी बघितलंय? रोमन लिपीत, सगळी कॅपिटल अक्षरं, आधी आडनाव, मग नाव, मग नवऱ्याचं नाव. ते देवनागरी वाक्यात येऊन पडलं की मेल बँकेच्या नोटिशीसारखा दिसतो. नुसतं "नमस्कार" पुरतं. अगदी हवंच असेल तर फॉर्ममधला रकाना बदला: "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" मग लोक "मंदा" किंवा "सुनीलची आई" असं सरळ लिहितात. "ताई" लावण्याचा मोह टाळा. आईसाठी तक्ता मागणारा मुलगाही यादीत असतो, आणि निवृत्त मुख्याध्यापिकाही. "मैत्रिणींनो" तर नकोच, मेल वाचताना ती एकटीच असते. "तुम्ही" ठेवा. "आपण" लिहिलंत की पुढची सगळी वाक्यं ताठ होत जातात. इंग्रजी साच्यावरून उचललेलं "स्वतःची सर्वोत्तम आवृत्ती बना" वगैरेही काढून टाका. फोनवर कुणाशी असं बोलता का?

प्रश्नावर मात्र वेळ घालवा, सगळ्या मेलमधलं मोलाचं काय असेल तर तेच. "तुमचं ध्येय काय?" असं विचारलं की एकच उत्तर येतं: वजन कमी करायचंय. ते तुम्हाला आधीच माहीत होतं. त्याऐवजी ठरावीक वेळ आणि जागा विचारा. मग उत्तरं येतात ती अशी: "सहाला ऑफिसातून निघते, बस मिळेपर्यंत स्टॉपवर वडापाव होतोच." "सासूबाईंना सात वाजता गरम जेवण लागतं, मग त्यांच्याबरोबर एकदा आणि रात्री ह्यांच्याबरोबर परत." "नातवाच्या ताटातलं उरलेलं टाकवत नाही." दोनदा जेवणाऱ्या बाईला फुटाण्याचा सल्ला देऊन काय उपयोग? तिचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो विचारल्याशिवाय कळला नसता. ही वाक्यं जशीच्या तशी एका वहीत उतरवून ठेवा. पुढचे मेल, कार्यक्रमाची माहिती, वेबसाइटवरचा मजकूर, सगळ्याला शब्द तिथून मिळतात. एका मेलमध्ये प्रश्न एकच, आणि शनिवारी वाचीन म्हटलंत तर शनिवारी वाचायचं. लांब उत्तर देता आलं नाही तरी एक ओळ पाठवायची.

मेल फॉर्म भरल्याबरोबर गेला पाहिजे. सकाळी नऊची वेळ शुभ वगैरे काही नसते. तक्ता मागणारी व्यक्ती त्याच क्षणी इनबॉक्स उघडून बघते आणि दिसला नाही तर विसरते. शिवाय यादीत न्यू जर्सीच्या किंवा दुबईच्या मराठी बायका असतातच, त्यांची सकाळ वेगळी. हा मेल वर्षभर आपोआप जात राहणार, हेही ध्यानात असू द्या. जुलैत लिहिताना "या पावसाळी हवेत गरमागरम सूप" असं लिहून ठेवलंत, तर एप्रिलच्या उकाड्यात नाव नोंदवणारीलाही तेच जाणार. श्रावण, नवरात्र, दिवाळीचा फराळ हे सगळं गुरुवारच्या मेलसाठी राखून ठेवा.

पुढचे तीन मेल थोडक्यात. परवाच्या मेलमध्ये तक्त्यातली एकच अडचण सोडवा, उदाहरणार्थ पाहुणे आले तर काय. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तुम्ही हे काम का करता ते सांगा, दहा-बारा ओळींत. प्रमाणपत्र एक पुरे, ज्याचा या कामाशी संबंध आहे ते. चौथ्यात तुमचा कार्यक्रम, आणि तिथे फी आकड्यात लिहा. "फीसाठी संपर्क साधा" वाचलं की आपला माणूस "आपल्याला परवडणारं नसणार" म्हणून पुढे जातो. कार्यक्रम कोणासाठी नाही, हेही तिथेच सांगा: गरोदर बायका, इन्सुलिन घेणारे, जे काही तुमच्या आवाक्याबाहेर असेल ते. "फक्त तीन जागा शिल्लक" हे खरोखर तीन असतील तरच. आपोआप जाणाऱ्या मेलमध्ये तीन जागा बाराही महिने तीनच राहतात, हे लोकांना कळतं.

दाव्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. "मधुमेह मुळापासून घालवा", "३० दिवसांत ८ किलो" असलं मी लिहून देत नाही. मधुमेह, लठ्ठपणा अशा आजारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. बाजूला एखादं चूर्ण किंवा काढा विकत असाल तर हा भाग दोनदा वाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठीही नियमावली काढली: तज्ज्ञ म्हणून पुढे येत असाल तर हा सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही, असं स्पष्ट सांगायचं. वरच्या मेलमधला गोळीचा परिच्छेद काही त्या नियमासाठी लिहिलेला नाही, पण तो कधीही गाळू नका आणि तळाशी बारीक टायपात ढकलू नका.

उत्तरांत लोक स्वतःचे रिपोर्ट लिहून पाठवतात. त्याचा स्क्रीनशॉट नाव झाकूनसुद्धा स्टोरीवर टाकायचा नाही, विचारल्याशिवाय नाहीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कामापुरतीच धरली जाते, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. म्हणून सोसायटीच्या योगावर्गाच्या जुन्या वहीतले पत्ते या यादीत ओतू नका. अमेरिकेतल्या वाचकांना धंद्याचा मेल जात असेल तर तिथल्या २००३ च्या कायद्याप्रमाणे तळाशी टपालाचा पत्ता लागतो, आणि नाव काढा म्हटल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत काढावं लागतं. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पर्याय आधीच शोधून ठेवा.

तांत्रिक भाग कंटाळवाणा आहे, पण तो चुकला तर वरचं सगळं स्पॅममध्ये जातं. मेलचिंपसारख्या, यादीला आपोआप मेल पाठवणाऱ्या सेवेतून फुकटच्या जीमेल पत्त्यावरून मेल पाठवू नका, स्वतःचं डोमेन घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी डोमेनवर करून घ्या, वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला सांगा. त्याने "झालं" म्हटलं तरी स्वतः तपासा: मेल स्वतःच्या जीमेलला पाठवा, संगणकावर उघडा, तीन टिंबांतून मूळ संदेश दाखवणारा पर्याय निवडा. तिन्हींपुढे "पास" दिसलं पाहिजे. सजवलेला साचा वापरू नका. सुमारे १०२ केबीच्या पुढचा मेल जीमेल मध्येच कापतो, आणि कापला की तळाची यादीतून बाहेर पडायची लिंक दिसेनाशी होते. नुसत्या मजकुराने तेवढं वजन होत नाही, चौकटी आणि रंगीत पट्ट्यांच्या कोडने होतं. तक्ताही जोडून पाठवण्यापेक्षा लिंक द्या, म्हणजे पुढे त्यात दुरुस्ती करता येते.

किती जणींनी मेल उघडला, हा आकडा फार मनावर घेऊ नका. मेल उघडल्याची मोजणी त्यातल्या चित्रांवरून होते, आणि २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप ज्यांनी त्यातली गोपनीयतेची सोय चालू ठेवलीये त्यांच्यासाठी चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडलेला मोजला जातो. उत्तरं किती आली ते मोजा.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या वेगळ्याच पत्त्यावरून स्वतःचा फॉर्म भरा. स्वतःच्या खात्यातून बघितलं तर सगळं ठीकच दिसतं. तक्ता गूगल ड्राइव्हवर असेल आणि कुणी फोल्डर हलवला असेल, तर नव्या माणसाला लिंकवर तक्त्याऐवजी "प्रवेशाची विनंती करा" असं पान दिसतं. रात्री अकरा वाजता कुणी विनंती करत बसत नाही. फाइलच्या शेअरिंगमध्ये "लिंक असलेले कोणीही" हा पर्याय निवडा, आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर ती उघडून बघा.