नळदुर्गचा किल्ला आणि व्हीलचेअर : या चुका टाळा

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला भुईकोट आहे, एवढ्याच माहितीच्या भरवशावर अनेक कुटुंबे तुळजापूरचे दर्शन आटोपून घरातील अपंग व्यक्तीसह तिकडे वळतात. आतील बराचसा परिसर सपाट आहे हे खरे. मात्र अडचण प्रवेशद्वारे, फरसबंदी आणि जिने यांची असते.

पहिली चूक फोनवरच्या प्रश्नात होते. "व्हीलचेअर आत जाते का?" असे विचारले की "या की, चार पोरं उचलून नेतील" असे उत्तर आपल्याकडे हमखास मिळते, आणि ते मनापासूनचे असते. परंतु मणक्याची दुखापत असलेल्या माणसाला अनोळखी हातांनी उचलणे धोक्याचे असते, खुर्चीचे सुटे हात धरून उचलले तर ते निघून येतात, आणि सर्वांदेखत असे उचलले जाणे कित्येकांना नकोसे वाटते. म्हणून प्रश्न मोजमापाचे विचारावेत : महादरवाजा पूर्ण उघडतात की फक्त दिंडी (त्यातले छोटे दार), उंबरठा किती उंच आहे, गाडी कुठवर येते, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती आहे. नेहमीच्या घडीच्या खुर्चीला सुमारे ६५ सेंटिमीटर जागा लागते, शिवाय चाके फिरवणाऱ्या हातांनाही जागा हवी. शक्य असल्यास तेथील कोणाकडून मोबाइलवर वाटेचे चित्रीकरण मागवावे; ते कोणत्याही तोंडी आश्वासनापेक्षा उपयोगी पडते.

दुसरी चूक म्हणजे सगळी सहल पाणी महालावर बेतणे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला हा महाल हेच किल्ल्याचे खरे वैभव आहे. पण तेथे पायऱ्या उतरूनच जावे लागते आणि पावसाळ्यात त्या ओल्या असतात. किल्ल्यातील उंच उपळी बुरुजाच्याही पायऱ्या खड्या आहेत. ही दोन्ही ठिकाणे चाकाच्या खुर्चीतून पाहता येणार नाहीत, हे निघण्यापूर्वी घरीच स्पष्ट बोलावे, म्हणजे बाकीचे आत गेलेले असताना एकाने बाहेर बसून त्यांच्या सामानाची राखण करावी, असा प्रसंग येत नाही. बंधारा आणि तटबंदीची बाहेरून दिसणारी बाजू निवांत पाहण्यासाठी तेवढाच वेळ राखून ठेवावा.

ऋतूची निवड हा तिसरा भाग. वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की बंधाऱ्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे सुरू होतात, पण त्याच दिवसांत दगडांवर शेवाळ असते आणि रविवारी तर खुर्ची वळवायलाही जागा मिळत नाही. उन्हाळा त्याहून वाईट. मानेच्या किंवा पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. तापलेल्या दगडावर बसल्यास संवेदना नसलेल्या त्वचेला भाजल्याचे कळतही नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची, आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ सर्वांत सोयीची. धबधब्याची आशा मात्र सोडावी लागते.

प्रत्यक्ष जागेवर पुढची लहान चाके दगडांच्या फटीत अडकली, तर मागून ढकलू नये, कारण बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. खुर्ची थोडी मागे कलवून पुढची चाके उचलावीत, किंवा ती सरळ उलटी फिरवून मोठ्या चाकांवर ओढून न्यावी. तीव्र उतारही उलट्याच दिशेने, सोबत्याने खालच्या बाजूला उभे राहून उतरावा. उताराचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १ मीटर उंचीसाठी १२ मीटर लांबी असावी, असा निकष आहे. पायरीवर टाकलेली फळी सहसा त्याच्या जवळपासही नसते.

दृष्टिहीन पाहुण्यांना कोरीव दगड हाताने पाहण्याचा आनंद घेऊ द्यावा, पण तटावर नेण्यापूर्वी कठड्याचे तुटके भाग सोबत्याने स्वतः पाहून यावेत.

अडथळ्यांची तक्रार करायची असेल, तर 'अपंगांसाठी सोय नाही' एवढेच लिहू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा उल्लेख करून नेमकी कोणती पायरी, किती उंच, कोणत्या दारापाशी, हे छायाचित्र आणि मोजपट्टीसह राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे.