विरळणीनंतर सागाला खत
बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या जांभ्या, उताराच्या रानात सागाची विरळणी झाली की लगेच खत ओतू नका. आधी तोडलेल्या बुंध्यांचे फुटवे छाटा, रानमोडीचं तण उपटा. नाहीतर खत तेच खातात. आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात युरिया वाहून ओढ्याला जातो. गणपतीनंतर पाऊस ओसरला आणि मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होत असला, की झाडामागे साधारण १५० ग्रॅम १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं मिश्र खत) द्या. बुंध्याशी नको! अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात. तिथे उताराच्या वरच्या अंगाला चार बोटं खोल अर्धगोल चर काढा, खत टाकून मातीनं झाका. न विरळलेल्या दाट रानात फांद्यांना पुरेसं ऊनच मिळत नाही, तिथे खताचा पैसा वाया. गळलेला पाला जाळू नका, तिथेच कुजू द्या. त्यातलं कॅल्शियम सागाला हवं असतं.