बोनेर बेटावरील पहिली स्कूबा सहल कशी आखावी

स्कूबाच्या सहलीची आखणी परतीच्या विमानापासून मागे मोजत करावी. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासातून घेताना तिच्यातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत राहतो. वर आल्यानंतरही तो शरीरातून सावकाश, तासांच्या हिशेबाने बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसल्यास केबिनमधील कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे तयार होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. म्हणून एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. नवशिक्याने पूर्ण २४ तास धरावेत. शनिवारी दुपारचे विमान असेल तर शेवटची बुडी शुक्रवारी सकाळची. पोहोचण्याचा दिवसही विश्रांतीत जातो. त्यामुळे सात रात्रींच्या सहलीत पाण्यात उतरण्याचे पूर्ण दिवस पाचच मिळतात, आणि पुढचे सारे नियोजन या पाचांभोवती करायचे असते.

पहिल्या सहलीसाठी कॅरिबियनमधील अनेक बेटांतून मी बोनेर सुचवतो, ते त्याच्या भूगोलामुळे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेस असलेले हे २८८ चौरस किलोमीटरचे बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असताना वाऱ्याआडचा पश्चिम किनारा बहुधा शांत असतो. या पश्चिम किनाऱ्याला लागूनच प्रवाळांची रांग आहे. काठापासून थोडे पोहत गेले की वाळूचा उथळ पट्टा संपतो आणि सुमारे १० मीटर खोलीपाशी प्रवाळांचा उतार सुरू होतो. बुडीच्या जागा रस्त्याकडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांनी दाखवलेल्या असतात. तिथे गाडी उभी करायची, साहित्य चढवायचे आणि चालत पाण्यात शिरायचे. बोटीचे वेळापत्रक नाही, बोट लागण्याची भीती नाही आणि इतर अनुभवी मंडळींच्या वेगाने जाण्याचे दडपणही नाही. नवशिक्याला ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, असे माझे मत आहे.

प्रशिक्षण घरीच उरकावे

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या अनेकांना आपण स्कूबा केलेले आहे असे वाटते. तिथे पर्यटकांना दिला जातो तो अनुभव बहुधा असा असतो की प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून आपल्याला फिरवतो, आपण फक्त श्वास घेतो आणि मासे पाहतो. अनुभव म्हणून तो उत्तमच आहे, पण त्याच्या आधारावर बोनेरमध्ये कोणी स्वतंत्रपणे सिलिंडर देणार नाही. त्यासाठी ‘ओपन वॉटर डायव्हर’ ही प्राथमिक पदविका लागते. तिच्यात सिद्धान्ताचा अभ्यास, तरणतलावातील सराव आणि खुल्या पाण्यातील चार बुड्या असे तीन भाग असतात. किमान वय बहुतेक संस्थांत १० वर्षे असते; २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे यांची चाचणीही होते. प्रौढांना ही पदविका १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा देते, तीही सोबत्यासह.

बेटावरचे पाच दिवस वर्गात घालवू नयेत. सिद्धान्त घरबसल्या ऑनलाइन आणि तलावातील सराव आपल्याच शहरात पूर्ण करून उरलेल्या चार बुड्यांसाठी बेटावरील केंद्राकडे तशी शिफारस नेता येते. पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या पद्धतीत ही शिफारस १२ महिने ग्राह्य असते. सिंधुदुर्गातील तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. हिवाळ्यात तिथे किंवा कर्नाटकातील नेत्राणी बेटाजवळ संपूर्ण पदविका आधीच मिळवणेही शक्य आहे. कोकणात पाणी बऱ्याचदा गढूळ असते आणि दृश्यमानता चार-पाच मीटरवर येते. अशा पाण्यात शिकलेल्याला बोनेरचे २०-३० मीटर आरपार दिसणारे पाणी सोपे जाते. उलट क्रम मात्र जड जातो.

वैद्यकीय प्रश्नावली सहलीच्या दोन-तीन महिने आधी मिळवून भरावी. दमा, हृदयविकार, फुप्फुसाची जुनी दुखणी, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण असे प्रश्न त्यात असतात. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला ‘होय’ उत्तर असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय केंद्र पाण्यात उतरू देत नाही. अनेकांना हे बेटावर पोहोचल्यावर कळते, आणि मग ओळख नसलेल्या डॉक्टरला शोधण्यात सुटीचा एक दिवस जातो. उत्तरे लपवून सही करणे हा मार्ग कोणीही पत्करू नये. प्रवासविम्याचे कलमही याच वेळी वाचावे, कारण साध्या विम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेसारखा स्वतंत्र विमा दाबकक्षातील (शरीरात बुडबुडे झालेल्याला वाढीव दाबाखाली ठेवण्याच्या खोलीतील) उपचारांचा खर्च भरून देतो. बोनेरची राजधानी क्रालेंडाइक येथे असा दाबकक्ष आहे, हेही या बेटाच्या निवडीमागचे एक कारण.

केव्हा आणि कसे जावे

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो, पण बोनेर, अरुबा आणि क्युरासाव ही बेटे त्यांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेस येतात. पूर्ण अभय मात्र नाही: नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी हे वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे असे उफराटे गेले आणि त्याच्या लाटांनी नेहमी शांत असणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावरील उथळ प्रवाळांची मोडतोड केली. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ मला अधिक सोयीचा वाटतो. पाणी वर्षभर २६ ते २९ अंश सेल्सिअस असते, तरी पाऊण तासाच्या बुडीत अंगातील ऊब कमी होतेच. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट घ्यावा.

भारतातून जाणाऱ्यांना आम्स्टरडॅममार्गे जाणे सरळ पडते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना मायामी, अटलांटा, ह्यूस्टन अशा शहरांतून आठवड्यातील ठराविक दिवशी थेट विमाने मिळतात. बेट डच असले तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही. नेदरलँड्सच्या कॅरिबियन भागासाठी प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, म्हणून भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी डच वकिलातीकडून ते तपासून घ्यावेत आणि ज्या देशात विमान बदलायचे तेथील नियमही पाहावेत. चलन अमेरिकी डॉलर आहे. परदेशी पाहुण्यांना ७५ डॉलरचा प्रवेशकर आणि बेटाभोवतीच्या सागरी उद्यानाचे ४० डॉलर वार्षिक निसर्गशुल्क भरावे लागते. हे आकडे बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा ताडून पाहावेत.

राहण्याची जागा निवडताना समुद्राचा देखावा दुय्यम समजावा आणि तीन सोयी पाहाव्यात: साहित्य धुण्याची व वाळवण्याची जागा, जवळच सिलिंडर भरून देणारे केंद्र आणि स्वयंपाकघर. बेटावर जवळजवळ सर्व किराणा बाहेरून येतो आणि महाग पडतो. शाकाहारी माणसाने पोहे, मसाले आणि मुगाची डाळ बरोबर न्यावी, इतपत घरगुती सल्ला इथे गैरलागू ठरू नये. नळाचे पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून तयार केलेले असते आणि पिण्याजोगे असते. वाहन म्हणून सगळे पिकअप ट्रक घेतात, कारण मागच्या हौद्यात सिलिंडर उभे राहतात. बरेच ट्रक हाताने गिअर टाकण्याचे असतात, हे अमेरिकेतील वाचकांनी आरक्षणाच्या वेळीच विचारावे. वाहतूक उजव्या बाजूने चालते, बेटावर सिग्नल नाहीत, पण गाढवे आणि बकऱ्या वाटेत येतात. ट्रक किनाऱ्यावर सोडताना आत काहीही मौल्यवान ठेवू नये; पारपत्र आणि जास्तीची रोकड खोलीतच असावी.

साहित्यापैकी मास्क तेवढा स्वतःचा असावा. चेहऱ्याला नीट न बसणारा मास्क सतत पाणी घेतो आणि नवशिक्याची निम्मी घबराट तिथूनच सुरू होते. चष्मा असणाऱ्यांनी नंबरच्या काचा बसवून घ्याव्यात. दुसरी गरज जाड तळव्याच्या बुटांची आणि त्यांवर चढणाऱ्या पट्ट्याच्या फिन्सची (पोहण्यासाठी पायांना लावायच्या वल्ह्यांची): बोनेरचा काठ वाळूचा कमी आणि तुटलेल्या प्रवाळांचा, निसरड्या खडकांचा अधिक आहे. बाकी सर्व भाड्याने मिळते.

पाण्यातील पाच दिवस

पहिल्या दिवशी केंद्रात उद्यानाचे नियम समजावून सांगतात आणि त्यानंतर त्यांच्यासमोरच्याच पाण्यात एक तपासणीची बुडी सक्तीची असते. ती औपचारिकता समजून घाईने उरकू नये. किती वजन बांधायचे ते याच बुडीत ठरवायचे असते, कारण खाऱ्या पाण्यात शरीर अधिक तरंगते आणि तलावातील हिशेब चालत नाही. बीसीडी (हवा भरून तरंगणे कमी-जास्त करण्याचे जाकीट) पूर्ण रिकामे करून, नेहमीचा श्वास धरून उभे राहिल्यावर पाण्याची पातळी डोळ्यांशी यावी आणि श्वास सोडल्यावर शरीर हळूहळू खाली जावे, इतकेच वजन पुरे. जास्त वजन बांधणारा माणूस तळाशी आपटत राहतो, हवा जास्त खातो आणि प्रवाळ मोडतो.

घाटात गाडी उतरताना कानांना दडे बसतात, तेच इथे पहिल्या काही मीटरांत अधिक तीव्रतेने होते, कारण १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट झालेला असतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकण्याची क्रिया दुखू लागण्याआधी, दर अर्ध्या मीटरला करावी. दुखलेच तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. जोराने फुंकून कान उघडण्याचा हट्ट धरू नये. सर्दी असेल त्या दिवशी उतरूच नये. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण फुप्फुसातील हवा दाब कमी होताच प्रसरण पावते. वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी असावा आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

किनाऱ्यावरून मारलेल्या बुडीत दिशेचे गणित सोपे असते. उतरण्यापूर्वी पाण्याकडे पाहून प्रवाह कोणीकडे आहे ते ठरवावे आणि जाताना प्रवाहाविरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच मदत करते. जाताना प्रवाळांचा उतार उजव्या खांद्याला असेल तर येताना तो डाव्या खांद्याला राहील. सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बार असेल तर १३०च्या आसपास मागे वळावे आणि पाण्याबाहेर येताना ५० बार शिल्लक असावेत. उतरलेल्या ठिकाणची एखादी ठळक खूण, मोठा स्पंज किंवा बोटी बांधण्याच्या तरंड्याचा दोर, आधीच मनात नोंदवावी. बाहेर पडण्याची सोपी वाट बऱ्याच जागी अरुंद असते.

जागांचा क्रम लावताना मोह आवरावा. पहिले दोन दिवस राहत्या जागेजवळच, क्रालेंडाइकच्या आसपासच्या सोप्या काठांवर ८ ते १२ मीटर खोलीत घालवावेत. त्याच जागी तिसऱ्यांदा उतरल्यावर माशांच्या गर्दीतून सापासारखी लांब मोरे ईल, कासव असे वेगळे वेगळे दिसू लागते. नंतर दक्षिणेचा सॉल्ट पिअर: मीठ जहाजांत भरण्याच्या धक्क्याच्या खांबांभोवती स्पंज आणि प्रवाळ वाढले आहेत, मात्र धक्क्याला जहाज लागलेले असताना तिथे उतरण्यास मनाई असते. उत्तरेकडील ‘थाउजंड स्टेप्स’ला पायऱ्या सत्तरएकच आहेत, पण पाठीवर सिलिंडर घेऊन चढताना नावाविषयी तक्रार राहत नाही. तिथून पुढे करपाटापर्यंतचा रस्ता एकदिशा आहे. फिन्स खोलीवर विसरल्या तर रिंकॉन गावावरून मोठा वळसा पडतो. हिल्मा हूकर हे १९८४ मध्ये बुडालेले, गांजासह पकडले गेलेले मालवाहू जहाज प्रसिद्ध आहे, पण ते सुमारे ३० मीटरवर उजव्या कुशीवर पडले आहे. ते पुढच्या सहलीसाठी ठेवावे.

पश्चिम किनाऱ्यासह बेटाभोवतीचे आणि समोरच्या क्लाइन बोनेर या निर्जन बेटाभोवतीचे पाणी १९७९ पासून ६० मीटर खोलीपर्यंत सागरी उद्यान आहे. हातमोजे घालण्यास बंदी आहे. मोजे नसले की माणूस प्रवाळाला धरत नाही, असा त्यामागचा सरळ तर्क. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेले सनस्क्रीन चालत नाही, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. २०२३ मध्ये इथे टणक प्रवाळांच्या ऊती झडण्याचा रोग आढळला आहे. त्यामुळे साहित्य निर्जंतुक करण्याच्या आणि काही जागा टाळण्याच्या सूचना दिल्या जातात. त्या केंद्रात विचारून दररोज पाळाव्यात.

शुक्रवारी सकाळी शेवटची बुडी झाली की सगळे साहित्य गोड्या पाण्यात बुडवून सावलीत टांगावे आणि दुपार बेटाच्या दक्षिण टोकाला घालवावी. मिठागरांचे गुलाबी पाणी, रोहित पक्ष्यांचे थवे आणि मिठावर राबणाऱ्या गुलामांसाठी १८५०च्या सुमारास बांधलेल्या दगडी खोपटांची रांग तिथे आहे. दारे इतकी ठेंगणी की आत जायला ओणवे व्हावे लागते. संध्याकाळी परतल्यावर टांगलेल्या वस्तू एकदा उलटवाव्यात. वेटसूट एका दिवसात वाळतो, बूट वाळत नाहीत, म्हणून ते आतून कागद कोंबून रात्रभर वाऱ्यात ठेवावेत आणि सामानात सर्वांत शेवटी, वेगळ्या पिशवीत भरावेत.