घरात एक गाडी असताना जुनी स्पोर्ट टूरर कशी निवडावी

जुन्या मोठ्या बाइकच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास सापडतं: "दादा, गाडी फार चाललेलीच नाही, नुसती उभी असते." विकणारा ते कौतुकाने सांगतो आणि घेणाराही ऐकून खूश होतो. माझं मत नेमकं उलटं आहे. आठ वर्षांत सहा हजार किलोमीटर झालेली बाइक आणि तेवढ्याच वर्षांत पस्तीस हजार झालेली, सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली बाइक अशा दोन्ही समोर आल्या, तर मी आधी दुसरी बघायला जाईन. टूरर म्हणजे लांबच्या प्रवासाची बाइक, तिचं इंजिन लांब पळायलाच केलेलं असतं. तिची वाट लागते ती उभं राहून. त्यात तुमची पहिली गाडी रोजच्या कामाला असणार, म्हणजे ही तुमच्याकडेही बराच काळ उभीच राहणार. म्हणून निदान येताना तरी ती धडधाकट यायला हवी.

पायरी १: कुठे जायचं आणि मागे कोण बसणार

ऑफिस, भाजी, मुलांची शाळा हे सगळं पहिली गाडी उरकतेच आहे. त्यामुळे दुसरीकडून मायलेज मागू नका. ट्रॅफिकमध्ये हलकी वाटावी हा हट्टही सोडा. पहाटे निघायचं, दिवसभरात तीनशे-चारशे किलोमीटर कापायचे, सोबत सामान, बऱ्याचदा मागे कुणीतरी, आणि उतरल्यावर कंबर जागेवर असली पाहिजे, एवढंच तिचं काम. वारा अडवणारं फेअरिंग, सुपरस्पोर्टपेक्षा (रेसिंगच्या धाटणीच्या बाइकपेक्षा) उंच हँडल आणि वळणावर भरवसा हे तिघं एकत्र आले की स्पोर्ट टूरर होते.

आता आपले रस्ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. जिथे लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीच्या आसपासची बाइक मोकळी सुटली असती ते रस्ते आपल्याला बंदच आहेत. उरतो तो पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग, वर्षानुवर्षं काम चाललेला मुंबई-गोवा आणि ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोलीसारखे घाट. शिवाय चौपदरी महामार्गावरही केंद्राच्या नियमाप्रमाणे दुचाकीला ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा आहे. एवढं ध्यानात घेतलं की शंभरावर हॉर्सपॉवर नेमकी कुठे वापरायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मागे बसणारी व्यक्ती गाडी बघायला सोबत न्याच. या जातीच्या बऱ्याच बाइकची मागची सीट अरुंद आणि उंच असते. ती सीट घरच्यांना पसंत पडली नाही, तर दुसऱ्या ट्रिपपासून तुम्ही एकटेच जाणार आणि तिसऱ्या ट्रिपला परवानगी मिळणार नाही.

पायरी २: कोणत्या गटातली घ्यायची

बजेट बेताचं असेल तर बजाज डॉमिनार ४००. ही डिसेंबर २०१६ मध्ये आली, इंजिन ३७३ सीसी. २०१९ च्या सुधारित मॉडेलला उलटे फोर्क (पुढचे शॉक ॲब्सॉर्बर) मिळाले आणि ताकद ३५ वरून ४० पीएसवर (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) गेली. जुन्यात घ्यायचीच तर ही सुधारितच घ्या. फेअरिंग नाही, पण रस्त्यावर पार्टस आणि मेकॅनिक मिळण्याची चिंता सर्वांत कमी हिचीच. होंडाची सीबीआर २५०आर २०११ मध्ये आली आणि बीएस-६ चा प्रदूषणाचा नियम लागला तेव्हा २०२० मध्ये थांबली. स्वभावाने खरी टूरर आणि बसायला आरामशीर, पण फेअरिंगचे तुकडे आणि बारीकसारीक पार्टस मिळतात का, हे जवळच्या सर्व्हिस सेंटरला आधीच विचारून ठेवा.

एक पायरी वर कावासाकी निंजा ६५०. दोन सिलिंडरचं ६४९ सीसी इंजिन. २०१७ पासूनच्या मॉडेलला ६८ पीएस आणि वजन १९५ किलोच्या आसपास. दुसरी बाइक म्हणून माझं मत हिलाच. त्याच्याही वर निंजा १०००: १०४३ सीसी, चार सिलिंडर, १९ लिटरची टाकी, वजन २३० किलोच्या वर. महामार्गावर तिच्यासारखी तीच. पण सोसायटीच्या पार्किंगमधून, तेही उतारावर तोंड करून लावलेली असताना, तिला मागे ओढून बघा. हे एकट्याने, वॉचमनला हाक न मारता जमलं, तरच पुढचा विचार करा.

एबीएसवर, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, तडजोड करू नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, पण त्याआधीच्या काही मॉडेलमध्ये एबीएस असलेली आणि नसलेली अशा दोन्ही गाड्या विकल्या गेल्या. जाहिरातीतल्या शब्दावर विसंबू नका. चाकाजवळची सेन्सरची कडी आणि चावी फिरवल्यावर मीटरवर लागणारा दिवा दोन्ही बघा. गाडी सुरू होऊन थोडी चालली की तो दिवा विझला पाहिजे.

पायरी ३: गाडी थंड असतानाच बघा

फोनवरच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर गप्पा मारता मारता इंजिनच्या कव्हरला हाताची मागची बाजू लावा. गरम लागलं तर थंड गाडी सुरू व्हायला कुरकुरते आणि ती तुम्हाला दिसू नये, अशी शंका घ्यायला जागा आहे. चहा प्या, उद्या येतो म्हणा.

आता उभ्या राहण्याच्या खुणा. सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१७ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल असो, इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या घाटात ते धोका देतं. ६५० आणि त्यावरच्या बाइकचे दोन्ही रेडियल टायर बदलायचे तर खर्च पाच आकडी होतो. तो आकडा वहीत लिहून घ्या, भाव करताना लागेल.

टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. आतल्या कडेला गंज दिसला, किंवा पेट्रोलला आंबूस, वॉर्निशसारखा वास आला, तर इंजेक्टर आणि पंपाचं काम निघणार. मुंबईत आणि कोकणात दमट हवेमुळे हे जास्त होतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. २०२३ च्या आधीच्या गाडीच्या रबरी नळ्या म्हणूनच बोटाने दाबून बघा. चिरा पडलेल्या किंवा फुगलेल्या नळ्या लगेच कळतात.

ब्रेक. गाडी न्यूट्रलमध्ये ढकला, ब्रेक दाबा, सोडा आणि पुन्हा ढकला. सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर कॅलिपरचे (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागाचे) पिस्टन अडकतायत. ब्रेक ऑईलचा रंग काळपट चहासारखा झाला असेल तर ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्याशी डिस्क ताडून बघा.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्या कापडाने पुसा, पुढचा ब्रेक धरून गाडी चारपाच वेळा दाबा आणि पुन्हा बघा. तेलाची कडी उमटली तर ऑईल सील गेलं. उभ्या गाडीचं सील सुकतं आणि पहिल्या लांबच्या ट्रिपला गळायला लागतं.

मग चेन. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन, अगदी मागच्या टोकाला, दोन बोटांनी मागे ओढा. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट घ्यायचा. एकेक कडी वाकवूनही बघा. गंजलेल्या कड्या सरळ होत नाहीत, तशाच वाकलेल्या राहतात.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, तपासल्याशिवाय परत येऊ नका, विशेषतः सुरुवातीच्या डॉमिनारवर. पुढचं चाक जॅकने किंवा स्टँडने हवेत उचलून घ्या, मालकाला गाडी धरायला सांगा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, एका बोटाने फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखं थांबलं तर बेअरिंगला खड्डे पडलेत. अशी गाडी महामार्गावर सरळ रेषेत जात नाही, सतत बारीक दुरुस्ती मागते.

सीट काढून वायरिंग बघा. पार्किंगमधल्या उंदरांना मोठ्या बाइकची वायर का कोण जाणे फार आवडते. जागोजागी काळी टेप गुंडाळलेली दिसली तर त्यावर विचारा.

पडल्याच्या खुणा वेगळ्या. लिव्हरचं टोक आणि फूटरेस्ट घासलेलं असेल तर गाडी उभ्या जागी आडवी झाली असेल, त्याचं फार मनावर घेऊ नका. पण हँडल वळल्यावर जिथे अडतं तो फ्रेमवरचा स्टॉपर दबलेला असेल, किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टचा रंग उडून पान्याच्या खुणा दिसत असतील, तर भाव कितीही कमी असो, नमस्कार करून निघा. किलोमीटरच्या आकड्यावर शंका आली तर गिअर लिव्हरचं रबर, ग्रिप आणि डिस्कची कडा बघा. मीटर मागे फिरवता येतं, झिजलेलं रबर मात्र खरं तेच सांगतं.

पायरी ४: चालवून बघा

सुरू करून पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि तापमानाचा काटा चढून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत थांबा. पंखा लागलाच नाही तर कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये काय होईल ते सांगायला नको. मग रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम रेस द्या. आवाज चढला आणि वेग चढला नाही तर क्लच प्लेट गेल्या. परत आल्यावर बॅटरीला मल्टिमीटर लावा. इंजिन थोडं रेस करून धरल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याखाली असेल तर चार्जिंगचं काम आहे.

पायरी ५: कागद

चेसिस नंबर हँडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला असतो. तो आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवर जाऊ नका. परिवहनच्या साइटवर कर्जाची नोंद आहे का ते बघा. असेल तर फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) आणि बँकेचं पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका. महाट्रॅफिकवर थकलेली ई-चलनं तपासा. हौशी मालकांची यादी लांब असते.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याची सही समोर घ्या. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर धरला की तो फायदा बराचसा विरतो. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून पुढचा हप्ता जास्त धरून चला. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा. मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळ सायलेन्सर सौद्यात मागून घ्या.

पायरी ६: भाव आणि पहिला महिना

"शेवटचं किती?" या प्रश्नाने फार काही होत नाही. वहीतली यादी काढा: टायर एवढे, चेन सेट एवढा, बॅटरी एवढी. ती रक्कम मालकासमोर मोठ्याने बेरीज करा आणि भावातून वजा करायला सांगा. कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. "अजून दोघं बघून गेलेत" हे प्रत्येक गाडीच्या बाबतीत खरं असतं.

गाडी घरी आली की आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, इंजिन ऑईल, फिल्टर, ब्रेक ऑईल आणि कूलंट बदलून घ्या. टॅपेटची (इंजिनच्या व्हॉल्व्हमधल्या फटीची) तपासणी किती किलोमीटरला ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. आधी झाल्याचं बिल नसेल तर झालेली नाही असंच धरा. पावसाळ्यात बाइक उभी ठेवणार असाल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि बॅटरीला ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज ठेवणारा) लावा. दर पंधरा दिवसांनी निदान अर्धा तास बाहेर काढा. नुसती जागेवर सुरू करून बंद केली तर एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि खर्च झालेली बॅटरीही भरून निघत नाही.